जागेवरचा रुमाल

पूनम सागर, मीरा रोड
१५ नोव्हेंबर १९९५

प्रिय वैजयंता आक्कास,
धाकट्या नागोरावचा सप्रेम जयभीम.

तब्येत विचारलीस. साखर आहे, गोळ्या आहेत, म्हातारपण आहे. चाललंय. पण घरात एक नवी भानगड झालीय आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. गेल्या रविवारी लोकेश आणि सूनबाई बाजारात जातो म्हणून गेले आणि येताना कुत्र्याचं पिल्लू घेऊन आले.

तूच विचार कर. वन रूम किचनचं घर, माणसं तीन. लेकरूबाळ अजून नाही. दोघंही सकाळी डबे घेऊन बाहेर पडतात, लोकेश चर्चगेटच्या ऑफिसात आणि पंचशीला भाईंदरच्या शाळेत शिकवायला. मग कुत्रं कुणासाठी? मी सरळ विचारलं. लोकेश म्हणाला, "असंच, बाबा." असंच! आक्का, एसटीत बत्तीस वर्षं तिकिटं फाडलीत मी. "असंच चाललोय जरा पुढच्या स्टॉपपर्यंत" म्हणणारा नेमका बिनतिकिटाचा असतो, हे मला कुणी शिकवायला नको.

सूनबाई म्हणाली, "बाबा, नाव तुम्ही ठेवा." मी म्हटलं, मला सुचत नाही. नाव ठेवलं की पुढचं सगळं आपल्याच गळ्यात पडतं. मग तिनंच "सोनू" ठेवलं. लोकेशची माय गेल्यापासून मला कुणी लाडानं हाक मारल्याचं आठवत नाही, आणि हा काल आला तो लगेच सोनू झाला.

आता मुद्द्याचं सांगतो. माझी खाट गॅलरीत असते, तुला ठाऊक आहे. त्या पिल्लाचं पोतं सूनबाईनं कुठं अंथरलं? माझ्या खाटेच्या पायथ्याशी. स्वयंपाकघरात जागा होती, दारामागं होती. पण नाही, गॅलरीतच. गाडी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, आणि एकदा रुमाल पडला की सीट त्याची, मग आधी चढलेल्यानं कितीही भांडावं. मला तर हे पिल्लू म्हणजे माझ्या जागेवर टाकलेला रुमाल वाटतो. आज पोतं, उद्या अर्धी गॅलरी, आणि मग "बाबा, तुम्हाला गावाकडंच बरं वाटेल." गावाकडं घर कुठं राहिलंय? ते विकूनच तर इथं आलो. इथून उतरवलं तर मला पुढचा स्टॉप नाही, आक्का.

पत्र लोकेशच टपालात टाकणार आहे, म्हणून कडा भाताच्या शितांनी चिकटवल्यात. फोडलेल्या दिसल्या तर कळव.

तुझा
नागू


पूर्णा
२२ नोव्हेंबर १९९५

चि. नागूस,
तुझ्या आक्काचे आशीर्वाद आणि जयभीम.

कडा शाबूत होत्या. पण एवढ्यानं निर्धास्त होऊ नको. वाफेवर धरलं की शीत सुटतं आणि परत दाबलं की चिकटतं.

तुला शंका आली ती बरोबर आली. उशिरा आली एवढंच. तुला माणसं बसमध्ये बसल्यावर ओळखू येतात, घरात बसलेली नाही. तेव्हा मी सांगते ते ध्यानात ठेव. घरात आधी खाट हलते, मग ताट हलतं, मग माणूस हलतो. भांडण कुणी करत नाही. भांडण झालं तर चार लोक जमतात आणि म्हाताऱ्याची बाजू घेतात. शहाणी सून गोड बोलते आणि रोज बोटभर सरकवते. म्हणते, इथं तुम्हाला वारा लागतो, तिकडं झोपा. मग म्हणते, तिकडं डास आहेत, ओसरीवर झोपा. दरवेळी आपल्याच भल्याचं. आपण शेजारणीला सांगतो, सून किती काळजी करते बाई. आणि एक दिवस बघावं तर आपण उंबऱ्याच्या बाहेर.

म्हणून डोळे उघडे ठेव, तोंड बंद ठेव. पिल्लाला दूध कुठल्या भांड्यातून देते ते बघ. जेवायला आधी कुणाला वाढते ते बघ. आणि घरात कुणी माप घ्यायला आलं तर मला लगेच लिही. माप घेतलं की समज, निर्णय झालेला असतो.

माझा धम्मपाल बरा आहे. त्याची बायको बरी आहे. मी बरी आहे. यापुढं पत्र विहाराच्या पत्त्यावर टाक, आमच्या गल्लीत पोस्टमन नीट येत नाही.

तुझी आक्का


मीरा रोड
२८ नोव्हेंबर १९९५

प्रिय आक्कास, जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचून उशीखाली ठेवलंय. आता हिशेब ऐक.

दूध स्टीलच्या वाटीतून देते, आणि वाटी कुठली, तर मी वरण खातो ती. माझ्यासाठी नवी आणली म्हणाली, मोठी. मोठी वाटी देऊन धाकटी काढून घेतली, बघ. जेवायला मात्र आधी मलाच वाढते. पण हेही दाखवायला असू शकतं.

पिल्लाचं म्हणशील तर त्यानं घराचा उकिरडा केलाय. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा खाल्ला. पेपर मी वाचायच्या आधी त्यावर मुतलं. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, त्यातलं निम्मं त्याची घाण धुण्यात जातं. मी "खाली उतर!" म्हणून ओरडलो तर शेपूट हलवत खाटेवर चढलं. दुपारी घरात दुसरं कुणी नसतं, तेव्हा माझ्या पावलांवर येऊन झोपतं. या साखरेनं पाय नेहमी गार असतात, ते जरा ऊब धरतात. तुझ्यापासून काय लपवू, बरं वाटतं. पण रुमालही मऊच असतो.

रोज सकाळी सूनबाईचं एकच पालुपद. "बाबा, जरा याला खाली फिरवून आणताय का?" मी म्हणतो, गुडघे दुखतात. मी खाली गेल्यावर वर काय हलवाहलवी होईल, कुणी सांगावं? तसं माझं खाली कामही काही नसतं.

आणि ऐक. परवा दत्ताराम नावाचा सुतार आला. टेप घेऊन थेट गॅलरीत. माझ्या खाटेवरून हात लांबवून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माप घेतलं. मी विचारलं, काय करायचंय? तो सूनबाईकडं बघून हसला आणि म्हणाला, "मॅडमना विचारा." मॅडम म्हणाली, "झालं की कळेलच तुम्हाला."

पण खरं ते काल झालं. शेजारची हंसाबेन दारात आली होती. ही गुजराती, आपली मराठी, म्हणून दोघी हिंदीत बोलतात. इथं सगळ्या मजल्यांवर तीच रीत आहे. मी डोळे मिटून पडलो होतो. सूनबाई आवाज खाली करून म्हणाली, "क्या करूं हंसाबेन, बाबा को घर से बाहर निकालना है ना, तो अब यही एक रास्ता बचा है. ये पिल्लाच करेगा वो काम." आणि हंसाबेन काय म्हणाली असेल? "करेगा, करेगा. मेरे ससुरजी को भी ऐसे ही निकाला था."

आक्का, मी इथं आल्यापासून हंसाबेनच्या सासऱ्याला एकदाही पाहिलेलं नाही. त्याचा फोटो मात्र त्यांच्या भिंतीवर आहे.

आपल्या परभणीच्या हिंदीत "घर से निकालना" म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. सहा डिसेंबरला तू धम्मपालबरोबर दरवर्षी दादरला येतेस, यंदाही येशील, तेव्हा सविस्तर बोलू. मी लोकेशला सांगून तिथं येतो. आणि हे विहाराच्या पत्त्याचं काय काढलंस? आपला रामू पोस्टमन तर तुमच्या ओसरीवर चहा प्यायचा.

तुझा
नागू


पूर्णा
३ डिसेंबर १९९५

चि. नागूस आशीर्वाद.

यंदा माझं येणं होत नाही. गुडघा सुजलाय आणि धम्मपालला सवड नाही. रामूची बदली झाली. मी दिवसभर विहारातच असते, झाडलोट करते, म्हणून तिथला पत्ता. तू माझं सोड, तुझं बघ.

माप घेतलं. तोंडानं बोलून दाखवलं. आता आणखी कशाची वाट बघतोस? तुला नोटीस लावायची का कुणी? रुमाल टाकलाय ना सीटवर? मग उचल आणि खिडकीबाहेर फेक. बिनतिकिटाच्या माणसाला मधल्या स्टॉपवर उतरवताना तुझा हात कधी थरथरला नाही, मग त्या पिल्लाला उतरवताना का थरथरावा? ते गेलं की त्यांचा बेत मोडला. निदान चार महिने तरी मिळतील तुला.

पिल्लू कुठंही जगतं, नागू. म्हातारं माणूस कुठंही जगत नाही.

तुझी आक्का


मीरा रोड
११ डिसेंबर १९९५

आक्का,

केलं. तू म्हणालीस तसंच केलं.

दोघं गेल्यावर पिल्लाला कापडी पिशवीत घातलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं. जिना उतरलो, हायवेपर्यंत रिक्षा केली आणि घोडबंदरची बस पकडली. त्याला बसचं भारी कौतुक वाटलं, सारखं खिडकीकडं मान करत होतं. मी कंडक्टरला म्हटलं, जनावराचंही तिकीट द्या, लागतं. पोरगेला कंडक्टर होता. "जाने दो चाचा, बच्चा है," म्हणाला.

घोडबंदरला खाडीच्या काठी होड्या ओढून ठेवल्यात, तिथं पिशवी उघडली आणि "उतर" म्हटलं. आजवर ज्याला "उतर" कळलं नव्हतं ते लगेच उतरलं. पुढ्यात बिस्किटं ठेवली आणि परतीची बस धरली. ते बिस्किटं सोडून बसकडं बघत बसलं. मी काही मागं वळून पाहिलं नाही. म्हणजे एकदाच पाहिलं.

रुमाल उचलला, आक्का. सीट माझी. पण गॅलरीत बसवत नाहीये. सूनबाई शाळेतून यायची वेळ झालीय. दार उघडं राहिलं आणि पळालं, असं सांगणार आहे.

नागू


मीरा रोड
१४ डिसेंबर १९९५

आक्का,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. रागात लिहितोय. राग तुझ्यावर आहे आणि त्याहून जास्त माझ्यावर आहे.

त्या दिवशी सूनबाई आली ती दारातच थबकली. माझ्या चपलांकडं बघत राहिली. चपलांना धूळ लागली होती. "बाबा, तुम्ही खाली गेला होतात?" तिचा चेहरा असा फुलला की मी नुसती मान हलवली. चप्पल हातात घेऊन ती हंसाबेनच्या दारात गेली. "हंसाबेन, देखो, बाबा बाहर गए थे! खुद गए थे!" माझी धुळीची चप्पल, आक्का, ती शेजाऱ्यांना दाखवत होती. मग परत येऊन म्हणाली, "आणि सोनू कुठंय?"

मी ठरवलेलं सांगितलं. ती तशीच खाली धावली. लोकेश ऑफिसातून आला तोही धावला. दोघं सगळ्या इमारतींच्या मागून, गटारांतून, खाडीच्या रस्त्यापर्यंत हाका मारत फिरले. परत आल्यावर ती जमिनीवर बसली आणि रडत म्हणाली, "तुम्हाला घराबाहेर काढायला आणलं होतं त्याला, बाबा. आणि तुम्ही पहिल्यांदा बाहेर पडलात, तर तोच गेला."

मी विचारलं, मला घराबाहेर काढून ठेवणार कुठं होतात?

"ठेवणार? अहो फिरायला! डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं ना, रोज चाला, नाहीतर पाय जातील? आम्ही सांगून सांगून थकलो. तुम्ही जिनासुद्धा उतरत नाही. म्हटलं, माणसांचं ऐकत नाहीत, कुत्र्याचं तरी ऐकतील."

हंसाबेनचा सासरा धडधाकट आहे. त्याच्याही पायांचं असंच होतं, मग त्यांनी कुत्रं आणलं. आता तो सकाळी कुत्रं घेऊन निघतो तो जेवायलाच परत येतो, आणि मी खाली उतरलो असतो तर मला रोज भेटला असता. सुतार आला होता तो गॅलरीला खिडक्या बसवायला. मला खोकला येतो म्हणून. मला अचानक दाखवायच्या होत्या.

मी तिथल्या तिथं खरं सांगून टाकलं. बस, पिशवी, घोडबंदर, सगळं. लोकेश उठून बाहेर गेला. जेवणाच्या वेळी मात्र सूनबाईनं नेहमीसारखं मला आधी वाढलं.

मग तिनं विचारलं, "बाबा, खरं सांगा, खाली का जात नव्हतात?" जे तुलाही लिहिलं नव्हतं ते तिला सांगितलं. इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात मी पेपर आणायला गेलो होतो. या पूनम सागरच्या इमारती सगळ्या एका साच्यातल्या. मी दुसऱ्याच इमारतीत चढलो आणि दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावली. आतली बाई ओरडली, लोक जमले, चोर चोर झालं. परभणी ते जिंतूर एकेक स्टॉप झोपेत ओरडून सांगणारा कंडक्टर मी, मला माझा स्टॉप सापडेना. त्यानंतर जिना उतरायची हिंमतच झाली नाही. ती ऐकून हसली नाही. "मला सांगायचं ना हो," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून मी रोज घोडबंदरला जातोय. होड्यांपाशी पिल्लू नाही. किल्ल्याच्या बाजूला नाही. एका म्हातारीला विचारलं तर ती म्हणे, "व्हतं बाबा हितं, आता न्हाय." तू लिहिलंस, पिल्लू कुठंही जगतं. कुठं जगतंय, सांग मला. हे असलं विष तुझ्या मनात आलं कुठून, आक्का? तुझा मुलगा चांगला, तुझी सून चांगली, तू तिथं मजेत, आणि माझ्या घरात माती कालवायला तुला पत्राचा कागद मिळाला?

नागोराव


पूर्णा
२६ डिसेंबर १९९५

चि. नागू,

पत्राला उशीर झाला. रोज लिहायला बसत होते आणि रोज उठत होते.

विष म्हणालास ते खरं आहे. ते माझ्या घरचं होतं. मी ते तुझ्या ताटात वाढलं.

गेल्या वैशाखापासून मी विहाराच्या मागच्या खोलीत राहते. माझा गुडघा सुजलेला नाही आणि रामूची बदलीही झालेली नाही. पोस्टमन आमच्या गल्लीत रोज जातो, मी तिथं नसते. आधी माझी खाट माजघरातून ओसरीवर आली, मग जेवण ओसरीवर आलं. मग धम्मपाल म्हणाला, "माय, घराला रंग द्यायचाय, चार दिवस विहारात रहा." मी राहिले. रंग देऊन झाला. मी रस्त्यावरून जाताना बघितला, निळा दिलाय, चांगला दिसतो. बोलवायला कुणी आलं नाही. मीही विचारायला गेले नाही. विचारलं असतं आणि त्यानं "अजून चार दिवस" म्हटलं असतं, तर मग मला कळलं असतं ना. न विचारता राहिलं की निदान रंग वाळत असेल म्हणता येतं.

गावात सांगते, माझं मन विहारातच रमतं. लोक म्हणतात, म्हातारी किती भाविक आहे. तुला सांगायची लाज वाटली. तुझ्यापुढं मी नेहमी मोठी बहीण राहिले, मुलाच्या घरातली. सहा तारखेला सगळं गाव दादरला गेलं, तेव्हा मी दार लावून बसले होते, कारण बरोबर कुणाच्या जाऊ हा प्रश्न होता.

तुझं पहिलं पत्र आलं आणि मला वाटलं, मला कुणी वेळेवर सावध केलं नाही, निदान याला मी करीन. मग तुझ्या सुनेच्या हातातल्या वाटीत मला माझ्या सुनेची वाटी दिसली आणि तिच्या सुतारात माझ्याकडचा रंगारी दिसला. तुझ्या घरात काय चाललंय ते मी वाचलंच नाही, नागू. मी माझंच वाचत होते. त्या मुक्या जिवाचं पाप माझ्या डोक्यावर आहे. सापडलं का ते कळव. मला झोप नाही.

आणि एक. मला बोलावू नको. तुला दया येईल, तू बोलावशील, मी येईन. मग तुझी सून दोन शब्द गोड बोलली की मी त्या शब्दांत माप शोधत बसेन. माझी नजरच तशी झालीय. चांगल्या घरात अशी नजर नेऊ नये. हे पत्र लोकेशला दाखवू नको.

आक्का


मीरा रोड
८ जानेवारी १९९६

प्रिय आक्कास,
तुझ्या नागूचा जयभीम.

सोनू सापडला. आणि तुझं पत्र मी लोकेशला दाखवलं. पंचशीलालाही मोठ्यानं वाचून दाखवलं. आता काय रागवायचं ते रागव.

घोडबंदरला राघो म्हणून एक मच्छीमार आहे. तो होडी घेऊन बायकोसकट तीन आठवडे बाहेर होता, परत आला तेव्हा त्याच्या होडीत सोनू बसलेला. सुके बोंबील खाऊन टुणटुणीत झालाय आणि अंगाला असा वास की विचारू नको. मला बघून धावत आला आणि पायांवर लोळला. त्याच्या डोक्यात काही राहिलंच नव्हतं, आक्का, आणि त्यामुळं मला जास्तच लाज वाटली. मी म्हटलं, पिल्लू माझं आहे, चुकून राहिलं होतं. राघो म्हणाला, "चुकून न्हाय. तू टाकलास. माज्या बायकोनं बगलंय, पिशवीतून काढलास न् गाडीत बसलास. टाकलेला हाय तो. तुला परत दिला तर उद्या परत टाकशील."

तसाच परत आलो. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. तो बोलायचा, चहाही द्यायचा, पण पिल्लू द्यायचा नाही. काल रविवारी पंचशीला बरोबर आली. तिनं काही विनवण्या केल्या नाहीत. खाली बसली, सोनूच्या कानातली गोचीड काढली आणि राघोच्या बायकोला विचारलं, "याला रोज काय काय खायला घालत होता? म्हणजे एकदम बदल नको." मग राघो म्हणाला, "तुला न्हाय देत बाबा. पोरीला देतो." तिनं दोघांना घरी जेवायला बोलावलंय.

आता मी सकाळ-संध्याकाळ खाली असतो. मी त्याला फिरवतो असं घरात म्हणतात, पण वाट त्यालाच ठाऊक असते. आमचा जिना आला की तो आपोआप वळतो.

तुझं पत्र वाचल्यावर लोकेश पूर्णेला जाऊन धम्मपालची गचांडी धरायला निघाला होता. पंचशीला म्हणाली, "धरून काय करणार? त्याच घरात परत ठेवायचंय का आत्याबाईंना?" आणि उठून दत्तारामला निरोप पाठवला. गॅलरीत दोन खाटा बसतात, मी स्वतः लावून बघितल्या. जागा अडचणीची होईल, खोटं कशाला बोलू. दोघांना एकदम उठता यायचं नाही.

तुझ्या नजरेचं म्हणशील तर घेऊन ये ती. या इमारतीत दूधवाला पाणी घालतो, वॉचमन झोपतो आणि टँकरवाला अर्धा टँकर देऊन जातो. अशी नजर असलेलं माणूस आम्हाला हवंच आहे. आणि मला आपल्या मायची गोष्ट काढून बोलायला इथं कुणी नाही, आक्का. तुझ्यावाचून मला करमत नाही. दयाबिया काही नाही, माझा मतलब आहे.

चार दिवसांचे कपडे आणू नको. सगळे आण.

नागू

आत्याबाई, जयभीम. बाबांनी खाली जागा सोडली म्हणून लिहिते. सुताराला तुमच्या कपड्यांच्या फळीचं सांगायचंय, तेव्हा तुमची खाट खिडकीकडे ठेवू की भिंतीकडे? आणि सोनू झोपताना पाय चाटतो, ती सवय काही मोडत नाहीये, तुम्हाला चालेल ना? दोन्ही लवकर कळवा, सुतार थांबलाय. – पंचशीला


पूर्णा
१५ जानेवारी १९९६

चि. नागू,

तुझं पत्र आधी एका दमात वाचलं. मग उजेडात नेऊन तुझ्या सुनेच्या ओळी वेगळ्या वाचल्या. "जमलं तर" कुठं आहे का बघितलं. "बघू" आहे का बघितलं. शब्द खोडून वर दुसरा लिहिलाय का, तेही बघितलं. खाट कुठं ठेवू असं मला आजवर कुणी विचारलेलं नव्हतं, म्हणून तेवढी ओळ विहारातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घेतली, मी चुकीचं तर वाचत नाही ना म्हणून. तिनंही तेच वाचलं. उलटसुलट करून बघितलं, नागू. खोट सापडली नाही.

खाट भिंतीकडं ठेवायला सांग, मला वारा सोसत नाही. कुत्र्यानं पाय चाटलेले मला आवडायचे नाहीत, पण त्याला आतापासून काही बोलू नको.

शनिवारी निघते.

आक्का